दगडावरचे हिरवे जंगल

जून महिन्यातला पहिला दमदार पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या एखाद्या जुन्या दगडी भिंतीजवळ जा. मे महिन्यात जेथे काळपट, करपल्यासारखे डाग होते, तेथे आता हिरवीगार मखमल पसरलेली दिसेल. एका रात्रीत ही आली कोठून? बी पडले, रुजले, अंकुर फुटला असे म्हणावे, तर तेवढा वेळच मिळालेला नाही. खरी गोष्ट अशी, की ती नव्याने आलेलीच नाही. मे महिन्यातले ते काळपट डाग म्हणजेच ही मखमल. उन्हाळाभर ती वाळून, पण जिवंत, तेथेच पडून होती.

खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपा प्रयोग करा. भिंतीवरच्या वाळलेल्या थराचा नखाएवढा तुकडा कागदावर घ्या आणि भिंगातून पाहा. आत वळलेल्या, सुरळी झालेल्या बारीक पानांचे झुबके दिसतील. आता त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि डोळा भिंगावरून हलवू नका. मिनिटभरात पाने उलगडतात, पसरतात आणि हिरवी दिसू लागतात. आपल्याकडच्या भिंतींवर नेहमी आढळणाऱ्या हायोफिला नावाच्या वनस्पतीत हा खेळ फार छान दिसतो.

या वनस्पतींना आपण बोलीभाषेत सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. पण डबक्यातले बुळबुळीत शेवाळ म्हणजे शैवल, ते वेगळे. भिंतीवरच्या मखमलीला वनस्पतिशास्त्रात हरिता म्हणतात, इंग्रजीत मॉस. तिला इवलेसे खोड असते आणि त्यावर पाने असतात. तिची एक भावंडे आहेत यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट. यांतल्या अनेकांना पाने नसतात. जमिनीला चिकटलेला एक चपटा, दोन-दोन फाटे फुटत जाणारा हिरवा पट्टा एवढेच त्यांचे शरीर. कोणाला त्या पट्ट्याचा आकार यकृतासारखा वाटला, म्हणून हे नाव पडले. जगात हरितांच्या सुमारे १२,००० आणि यकृतकांच्या सुमारे ७,००० जाती आहेत. दोघींनाही फूल नाही, फळ नाही, बी नाही. बीजाणूंवर काम चालते. त्यांच्या पूर्वजांनी सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी पाण्यातून जमिनीवर पाऊल टाकले, असे जुन्या खडकांत सापडलेल्या बीजाणूंवरून मानले जाते.

भारतात या वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास रुजवला तो लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी. पश्चिम हिमालय आणि पंजाबातील यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ साली दोन भागांत निघाला. त्यानंतर हिमालय आणि सह्याद्री येथील हरितांवर पुष्कळ लिहिले गेले. साहजिकच आहे. तेथे पाऊस भरपूर आणि झाडाच्या फांदीफांदीवर हिरवी दाढी लोंबत असते. आपण मात्र आज उलट्या दिशेने जाणार आहोत: वर्षाला जेमतेम सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, दुष्काळाशी जुनी ओळख असलेल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. जंगल कमी असलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांत याचा क्रमांक अगदी वरचा. अशा ठिकाणी हरिता शोधायच्या म्हणजे वाळवंटात होडी शोधण्यासारखे, असे तुम्हांला वाटेल. पण जंगल कसे सांभाळले याची परीक्षा हरितांवरून करायची असेल, तर कोरड्या मुलखासारखी दुसरी जागा नाही. का, ते आता पाहू.

हरितेला खरी मुळे नसतात. खालचे केसासारखे धागे तिला दगडाला धरून ठेवतात, एवढेच. झाडाच्या खोडात असतात तशा पाणी वर नेणाऱ्या नळ्याही बहुतेकींत नसतात. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे, त्यावर मेणाचा जाड लेपही नाही. त्यामुळे पाऊस आला की ती सर्वांगाने पाणी पिते आणि हवा कोरडी झाली की तितक्याच लवकर वाळते. कडुनिंबाला जमिनीखालच्या ओलीचा आधार असतो. हरितेला कसलाच नाही. भोवतालची हवा ओली तर ती ओली, हवा कोरडी तर ती कोरडी.

वाळण्याने ती मरत नाही हे आपण पाहिले. मग तिला धोका कशाचा? येथे थोडा हिशेब करावा लागेल. वाळलेली हरिता भिजली की प्रथम तिला दुरुस्ती करावी लागते. पेशींची आवरणे सैल झालेली असतात, आतले काही पदार्थ झिरपून बाहेर जातात, श्वसन जोरात सुरू होते आणि साठवलेली साखर खर्च होते. प्रकाशसंश्लेषण सुरू होऊन हा खर्च भरून निघायला वेळ लागतो. त्यानंतर जितका वेळ ती ओली राहील तितका वेळ तिची कमाई. आता समजा, सरीनंतर लगेच ऊन पडले आणि खर्च भरून निघण्याच्या आतच ती वाळली. म्हणजे दुकान उघडले, झाडलोट केली, दिवा लावला आणि गिऱ्हाईक येण्याआधीच बंद करावे लागले. असे एकदा झाले तर चालते. पंधरा-वीस वेळा झाले, तर भांडवलच संपते. थोडक्यात, पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा पडलेली ओल किती तास टिकली, यावर हरितेचे जगणे ठरते.

शिवाय आणखी एक विचित्र गोष्ट आहे. पूर्ण वाळलेली हरिता तापलेल्या दगडावरची उष्णता बिनतक्रार सोसते. काही जाती तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता थोडा वेळ सहन करतात. पण तीच ओली असताना पंचेचाळीस-पन्नास अंश सेल्सियसलाच दगावू शकते. जुलैतली हलकी सर आणि तिच्या पाठोपाठ उघड्या काळ्या कातळावर पडणारे कडक ऊन हा तिच्यासाठी मेच्या उन्हापेक्षाही वाईट प्रसंग.

आता बालाघाटात चला. धाराशिव जिल्ह्यातून जाणारी ही डोंगररांग उंच नाही, पण तिचे काम मोठे आहे. तिच्या एका अंगाचे पाणी तेरणा-मांजरा मार्गे गोदावरीला जाते आणि दुसऱ्या अंगाचे सीना-बोरी मार्गे भीमेला. येडशीजवळ रामलिंगाचे देऊळ आहे. भोवती ओढ्याची खोल घळ, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि उतारांवर पानगळीचे कोरडे जंगल. यातला सुमारे २२ चौरस किलोमीटरचा भाग १९९७ मध्ये येडशी-रामलिंगघाट अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

अशा जंगलात हरिता कोठे असतात, हे आधी लक्षात घ्या. सपाट जमिनीवर त्या शोधू नका. पानगळीच्या जंगलात हिवाळ्याअखेर पडणारा पाचोळा सपाट जमिनीवरचे सगळे झाकून टाकतो. म्हणून त्या उभ्या जागा पकडतात: ओढ्याचा तुटका काठ, मोठ्या धोंड्याची कड, जुन्या झाडाचा बुंधा, कातळातली फट. सायथोडियम नावाची एक नाजूक यकृतका तर कपारीच्या अर्ध्या अंधारात राहते आणि तिरप्या प्रकाशात पिवळसर-हिरवी चमकते. धाराशिव शहराजवळच्या प्राचीन लेण्यांसारख्या जागी, किंवा नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या दगडी धरणाच्या आसपास, असे कोपरे पुष्कळ सापडतात. नळदुर्गचे नर-मादी धबधबे पाहायला गेलात, तर एकदा पाण्यावरून नजर काढून बाजूच्या ओल्या चिऱ्यांकडेही पाहा.

याउलट रिक्सियासारख्या यकृतकांना उघडी, पावसात मऊ होणारी माती आवडते. नाण्याएवढे हिरवे चक्र, त्याला दोन-दोन फाटे. ते वाळले की कडा आत वळतात आणि काळपट दोरीचा तुकडा पडल्यासारखे दिसते. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडत नाहीत. पट्टा कुजला की ते तेथेच मातीत मिसळतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

म्हणजे सावलीतल्या आणि उघड्यावरच्या अशा दोन प्रकारच्या रहिवाशांची ही वस्ती आहे. माणूस जंगलात काही करतो, तेव्हा तो बहुधा नकळत एकीची जागा दुसरीला देतो.

सर्वांत पहिला प्रश्न सावलीचा. ओढ्याकाठची चार झाडे तोडली, तर आकडेवारीत ती चारच झाडे. पण त्यांच्या खाली ऊन थेट येते, वारा शिरतो आणि सरीनंतर जो धोंडा संध्याकाळपर्यंत ओला राहायचा तो दुपारी बारालाच कोरडा होतो. वरचा हिशेब आठवा. पाऊस तेवढाच पडला, पण धोंड्यावरच्या हरितेचे तास निम्म्यावर आले.

ही केवळ कल्पना नव्हे. उत्तर स्वीडनमध्ये क्रिस्टोफर हायलंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढ्यांच्या काठी असा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी काठापर्यंतची सगळी झाडे तोडली होती, काही ठिकाणी ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचा पट्टा राखला होता. तोडीच्या आधी आणि नंतर त्यांनी हरिता आणि यकृतका मोजल्या. पट्टा राखलेल्या ठिकाणी नुकसान बरेच कमी झाले, पण अजिबात झाले नाही असे नाही. आणि सर्वांत जास्त फटका कोणाला बसला? धोंडे आणि पडलेले ओंडके यांच्या उंचवट्यांवर राहणाऱ्यांना. खोलगट, ओल्या जमिनीवरच्या जाती त्या मानाने तगल्या. स्वीडन आणि येडशी यांच्या हवामानात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. तेथल्या ओंडक्यांवर यकृतकांची दाटी असते, आपल्याकडे पडलेला ओंडका वाळवीच्या नाहीतर सरपणाच्या वाट्याला जातो; त्यामुळे त्यांचे ओंडक्यांचे निष्कर्ष येथे लावू नयेत. पण धोंड्याचे गणित दोन्हीकडे एकच. उंचवट्याला खालून ओल मिळत नाही, त्याचा सगळा भरवसा हवेवर.

दुसरी गोष्ट वणव्याची. उन्हाळ्यापूर्वी वनखाते जाळरेषा काढते, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून तेथला पाचोळा आधीच जाळून टाकते, म्हणजे वणवा त्यापलीकडे जात नाही. जाळरेषेवरच्या हरिता जातात. पण एका पट्ट्यातल्या गेल्या तरी उरलेल्या डोंगरावरच्या वाचतात, आणि हा सौदा मला योग्य वाटतो. नवे गवत चांगले फुटावे म्हणून किंवा बिडीच्या थोटकाने लागलेली आग ही मात्र नुसती तूट. पाचोळ्याची आग जमिनीलगत सरकते आणि बुंध्याचा खालचा हात-दोन हात भाग नेमका भाजून काढते. सावलीतल्या हरितांचा हाच तर पत्ता!

येथे एक फसवणूक होते, ती सांगायलाच हवी. आगीनंतरच्या पावसाळ्यात राखेच्या जागी कधी कधी हिरवा गालिचा उगवतो. पाहणारा म्हणतो, जंगल सावरले. फ्युनॅरिया हायग्रोमेट्रिका नावाची हरिता जगभर जळक्या जागांवर अशीच येते. राखेतली क्षारद्रव्ये तिला मानवतात, स्पर्धकही नसतात. काही काळाने ती निघूनही जाते. बुंध्यावर आणि धोंड्यावर राहणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या जाती मात्र परतलेल्या नसतात. हिरवे दिसणे वेगळे आणि तेच हिरवे परत येणे वेगळे.

तिसरी गोष्ट खणण्याची. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेतून आणि पुढे अनेक योजनांतून मराठवाड्याच्या डोंगरउतारांवर माती अडवण्याची आणि पाणी जिरवण्याची कामे झाली. समतल चर त्यांपैकीच. उतारावर समान उंचीने खणलेला, साधारण दोन फूट रुंद आणि फूटभर खोल असा हा चर वाहते पाणी थांबवतो. त्याच्या उपयोगाबद्दल वाद नाही. पण खणताना जमिनीची वरची कातडी उलटी होते. त्या कातडीत हरिता, रिक्सिया, सूक्ष्म शैवले यांनी बांधून ठेवलेला मातीचा पातळ थर असतो. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की तो कण उडवतो. हा थर असला की थेंबाचा मार त्यावर बसतो. म्हणजे माती वाचवण्यासाठी चर खणताना, माती वाचवणारे एक जुने पांघरूण आपण बाजूला करतो. पण गोष्ट येथेच संपत नाही. चराची उभी बाजू सावलीतली, ओलसर, पाचोळा न टिकणारी. हे वर्णन कशाचे, ते आठवते? तुटक्या ओढ्याकाठाचे. चराला दरवर्षी कुदळ लावली नाही, तर काही पावसाळ्यांनी त्याच्या भिंतीवर हरितांना नवे घर मिळू शकते. नवे चर धोंडे आणि जुन्या झाडांच्या बुंध्यांना वळसा घालून खणले, म्हणजे त्या घरात राहायला येणारे जवळच शिल्लक राहतील.

आता झाडे लावण्याबद्दल. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांच्या लागवडीचे उद्दिष्ट ठेवले गेले. यातल्या एका रोपवनाचे गणित करू. तीन-तीन मीटरवर खड्डे घेतले, तर हेक्टरी सुमारे १,१०० खड्डे होतात. खड्ड्याचे तोंड ४५ सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद. सगळ्या खड्ड्यांचे मिळून क्षेत्र भरते सुमारे २२३ चौरस मीटर, म्हणजे हेक्टरच्या सव्वादोन टक्क्यांहून कमी. तेव्हा खड्ड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नुकसान होते ते लागवडीआधीच्या 'साफसफाई'त. झुडपे तोडली जातात, सीताफळीची बेटे काढली जातात, धोंडे गोळा करून बांधाला लावले जातात. धोंडा उलथला की त्याची वर्षानुवर्षे सावलीत असलेली बाजू उन्हात येते.

आणि लावलेले झाड कोणते, यालाही महत्त्व आहे. निलगिरीच्या ज्या जाती आपल्याकडे लावल्या गेल्या, त्यांची साल पापुद्र्यांनी सुटून पडते. ज्या भिंतीचा गिलावा दरवर्षी गळून पडतो, त्या भिंतीवर चित्र कसे टिकणार? खरबरीत, न सुटणाऱ्या सालीच्या जुन्या झाडावर मात्र ओल फटींमध्ये थांबते. नव्या रोपवनातील सगळी झाडे एकाच वयाची असतात, हीही अडचण आहे. हरितेला जुना बुंधा हवा असतो आणि तो रोपवाटिकेत मिळत नाही.

गेलेल्या हरिता परत का येत नाहीत, बीजाणू तर वाऱ्याने येतात ना, असे कोणी विचारील. अनेक जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराच्या पुंपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जातात आणि हा प्रवास बहुधा काही सेंटिमीटरांचाच असतो. वस्ती तुटून लांब लांब ठिपके राहिले, तर एका धोंड्यावर फक्त नर आणि दुसऱ्यावर फक्त माद्या अशी स्थिती येते. दोन्ही ठिपके वरून हिरवे दिसतात. बीजाणू मात्र एकही तयार होत नाही.

हरिता राखल्या म्हणजे जिल्ह्याचा पाणीप्रश्न सुटेल, असा अर्थ कोणी काढू नये. एक चौरस मीटर हरितेने एक लिटर पाणी धरले, तर ते एक मिलिमीटर पावसाएवढे होते, आणि बालाघाटात सलग एक चौरस मीटर हरिता सापडणेच अवघड. तिचा उपयोग वेगळा आहे. रोपवनातली किती रोपे जगली हे मोजून झाडांची संख्या कळते. तेथे ओल टिकू लागली की नाही, हे हरिता सांगते, आणि ते सांगायला तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

हे मोजण्याचे काम तुमची शाळा करू शकते. जाड पुठ्ठ्यात दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची चौकट कापा आणि तिच्यावर आडवे-उभे दोरे ताणून एक-एक सेंटिमीटरचे शंभर घर करा. एक जागा जुन्या झाडीतली निवडा, दुसरी आठ-दहा वर्षांच्या रोपवनातली, तिसरी उघड्या उतारावरची. प्रत्येक जागी दहा धोंडे घ्या. चौकट धोंड्यावर ठेवून किती घरांत हरिता आहे ते मोजा; तेवढे टक्के. दिशाही नोंदवा. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि त्यानंतर दक्षिणेला सरकतो. त्यामुळे धोंड्याच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंतला फरक जुलैत फारसा दिसणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसू लागेल.

सरीनंतर तिन्ही ठिकाणच्या एकेका धोंड्यावरची हरिता दर अर्ध्या तासाने बोटाने हलकेच दाबून पाहा आणि ती कुरकुरीत होईपर्यंत किती वेळ लागला ते वहीत लिहा. हे कामाचे निरीक्षण आहे. उपटू मात्र नका. अभयारण्यात तर पानही तोडायचे नाही, आणि जाण्याआधी शिक्षकांनी वनरक्षकांना कळवून परवानगी घ्यावी. धोंड्यांवर क्रमांक टाकायला रंग वापरू नका. प्रत्येकाचे साधे रेखाचित्र काढून जवळच्या झाडापासूनचे अंतर पावलांनी मोजून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या मुलांना तेच तीस धोंडे सापडतील.